शालेय लॅक्रॉसची बक्षिसं आणि त्यांवरची नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी मे उजाडला की आमच्या बाल्टिमोरकडच्या मराठी पालकांच्या गटावर तेच प्रश्न फिरायला लागतात. कोणाच्या मुलाचं नाव ‘ऑल काउंटी’त, म्हणजे जिल्ह्यातल्या निवडक खेळाडूंच्या यादीत, आलेलं असतं, कोणाच्या मुलीला सेवेचं बक्षीस मिळालेलं असतं, आणि अभिनंदन स्वीकारणाऱ्या आईबापांना नेमकं काय मिळालंय तेच सांगता येत नसतं. आम्हीही त्यातूनच गेलोय. पहिल्यांदा अशा समारंभाला गेलो तेव्हा मी शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना विचारलं होतं, “हे केली, ज्यांच्या नावाचं बक्षीस आहे ते, आज स्वतः आलेत का?” ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “ते १९४२ सालीच गेले.” त्या दिवसापासून जे वाचत गेलो, विचारत गेलो, ते इथे एकदाचं लिहून ठेवतो. भर मेरीलँड आणि न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर आहे, कारण या खेळाची जुनी घराणी तिथलीच.

लॅक्रॉस म्हणजे नक्की काय? हॉकीसारखं का?

काठी असते एवढंच साम्य. काठीच्या टोकाला जाळीची खोळ असते, तिला सगळे ‘पॉकेट’ म्हणतात, आणि घट्ट रबरी चेंडू त्यात झेलत, जोजवत पळायचं. मुलांच्या संघात दहा खेळाडू, गोल सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद. मुलांच्या खेळात अंगावर जाणं चालतं, म्हणून हेल्मेट आणि पॅड. ज्या घरात लॅक्रॉस आहे ते लांबूनच ओळखू येतं. गॅरेजच्या भिंतीवर गोल गोल काळे डाग असतात आणि संध्याकाळभर धप्प, धप्प, धप्प असा आवाज येत असतो. याला ‘वॉल बॉल’ म्हणतात. शेजारी चांगले असावे लागतात.

मेरीलँडने २००४ साली लॅक्रॉसला राज्याचा अधिकृत सांघिक खेळ केलं. नुसता ‘अधिकृत खेळ’ हा मान मात्र १९६२पासून घोड्यावरून भाला चालवण्याच्या खेळाकडे आहे. इथल्या लोकांना यात काही विचित्र वाटत नाही.

बक्षिसं किती प्रकारची असतात?

खालून वर जाऊ. आधी शाळेची स्वतःची: वर्षातला उत्तम खेळाडू, सर्वांत सुधारलेला खेळाडू वगैरे. मग काउंटीची किंवा लीगची, म्हणजे ‘ऑल काउंटी’, ‘ऑल लीग’ अशा याद्या. वर्तमानपत्रांच्या याद्या वेगळ्या. आमच्याकडे ‘बाल्टिमोर सन’ची ‘ऑल मेट्रो’ यादी, तिकडे लाँग आयलंडवर ‘न्यूजडे’ची. त्यांच्यावर ‘ऑल अमेरिकन’. नाव देशपातळीचं असलं तरी निवड विभागवार होते. यूएसए लॅक्रॉस ही संघटना देशाचे विभाग पाडते आणि प्रत्येक विभागाला त्याच्या वाट्याच्या जागा मिळतात. म्हणून बाल्टिमोरसारख्या तगड्या विभागात ‘ऑल अमेरिकन’ होणं आणि खेळ नुकताच रुजलेल्या राज्यात होणं, या दोन गोष्टी एका तराजूत तोलू नयेत. कोणी तोललेल्या आवडतही नाहीत.

या सगळ्यांशिवाय व्यक्तींच्या नावांची बक्षिसं असतात. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे. याद्यांतली नावं दर वर्षी बदलतात, या बक्षिसांवरचं नाव बदलत नाही.

केली अवॉर्ड कोणाच्या नावाचं आहे?

चार्ल्स मार्कलंड केली ज्युनियर. बाल्टिमोरचा मुलगा, अमेरिकी नौदलात एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांतला सगळ्यांत खालचा हुद्दा. मेरीलँडमधल्या उत्कृष्ट शालेय खेळाडूला दिलं जाणारं बक्षीस त्याच्या नावाचं आहे.

त्याचं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण बक्षीस घेणाऱ्या मुलांनाही ते पूर्ण ठाऊक नसतं. ४ जून १९४२, मिडवेची लढाई. केली ‘हॉर्नेट’ या विमानवाहू जहाजावरच्या आठव्या लढाऊ तुकडीत होता. त्या सकाळी त्या तुकडीची दहा वाइल्डकॅट विमानं बॉम्बफेकी विमानांना सोबत करायला उडाली. जपानी ताफा सापडलाच नाही, कारण सगळा गट भलत्याच दिशेला गेला होता. लढाऊ विमानांचं इंधन आधी संपत आलं, ती परत फिरली आणि त्यांना आपलं जहाजही सापडेना. खाली नुसता पॅसिफिक. एकामागून एक दहाच्या दहा विमानं समुद्रात उतरली. त्यानंतरच्या दिवसांत शोधविमानांनी आठ वैमानिक रबरी तराफ्यांवरून उचलून आणले. दोघे कधीच सापडले नाहीत. जॉर्ज हिल आणि मार्कलंड केली.

शत्रूची गोळी नाही, झुंज नाही. इंधन संपलं. बक्षिसाच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं. मला वाटतं लिहायला हवं, कारण ‘शूर वैमानिक’ या दोन शब्दांपेक्षा त्या रिकाम्या समुद्राचं चित्र कोणत्याही सतरा वर्षांच्या मुलाला जास्त समजेल.

मग कॉलेजमधल्या उत्तम गोलीला मिळतं ते ‘केली अवॉर्ड’ हेच का?

नाही, पण माणूस तोच. महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना पहिल्या श्रेणीतल्या सर्वोत्तम गोलरक्षकाला जे बक्षीस देते तेही एन्साइन केलीच्याच नावाचं. शाळेचं वेगळं, कॉलेजचं वेगळं. नातेवाइकांना फोन करताना एवढं तपासून घ्या. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी पुण्यात नातवाला राष्ट्रीय गोलरक्षक करून टाकलं होतं. नातू अटॅकला, म्हणजे गोल मारणाऱ्या पुढच्या फळीत, खेळतो.

लाँग आयलंडचं एनर्स अवॉर्ड काय आहे?

लाँग आयलंडवर शाळांच्या खेळासाठी नासाऊ आणि सफोक या दोन काउंट्या म्हणजे दोन वेगळी संस्थानं. सफोकमधल्या वर्षातल्या सर्वोत्कृष्ट शालेय खेळाडूला ‘रे एनर्स’ बक्षीस मिळतं. तिकडे त्याचं वजन एवढं आहे की एखाद्या खेळाडूची ओळख करून देताना आधी “तो एनर्सवाला” असं म्हणतात आणि मग नाव सांगतात.

रेमंड एनर्स लाँग आयलंडवरच वाढला, हाफ हॉलो हिल्स शाळेत शिकला, मग वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. तिथे लॅक्रॉस खेळताना ‘ऑल अमेरिकन’ झाला आणि १९६७ साली लेफ्टनंट होऊन बाहेर पडला. पुढच्याच वर्षी व्हिएतनाम. १८ सप्टेंबर १९६८ रोजी त्याच्या प्लाटूनवर गोळीबार सुरू झाला, एक जखमी सहकारी उघड्यावर अडकून पडला. एनर्स त्याच्यापर्यंत सरपटत गेला आणि त्याला मागे आणलं. नंतर त्याच चकमकीत तो मारला गेला. पंचविशीही गाठली नव्हती. मरणोत्तर ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मिळाला. अमेरिकी लष्करात शौर्यासाठी याच्या वर फक्त ‘मेडल ऑफ ऑनर’ असतं.

केलीसारखंच इथेही दुहेरी आहे. १९६९पासून महाविद्यालयीन लॅक्रॉसमधल्या देशातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचं बक्षीसही लेफ्टनंट रेमंड एनर्स यांच्याच नावाने दिलं जातं. पण सफोकमध्ये त्याला वेगळा अर्थ आहे. देशाच्या बक्षिसातला एनर्स हा एक हुतात्मा आहे, काउंटीच्या बक्षिसातला एनर्स हा आपल्याच मैदानांवर घासून मोठा झालेला पोरगा आहे. आपल्याकडे गावच्या टेनिस बॉल स्पर्धेला ‘कै. अमुक अमुक स्मृती चषक’ असा फ्लेक्स लागतो आणि निम्म्या गावाला तो अमुक आठवत असतो, कोणी त्याच्यासोबत बॅटिंग केलेली असते, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे आठवणारे आता म्हातारे होत चाललेत.

भारताशी यातल्या कोणाचा काही संबंध?

आहे, आणि ही गोष्ट मी प्रत्येक पार्टीत सांगतो, त्यामुळे घरच्यांनी हा परिच्छेद वगळला तरी चालेल.

जॅक टर्नबुल हेही बाल्टिमोरचे. पॉलिटेक्निक नावाची तिथली नावाजलेली सरकारी शाळा आणि मग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस प्रदर्शनी खेळ म्हणून होता आणि हॉपकिन्सचा संघ अमेरिकेतर्फे कॅनडाशी तीन सामने खेळला, दोन जिंकला. टर्नबुल त्यात होते. त्याच ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेला २४-१ असं हरवलं होतं. पुढच्या ऑलिंपिकला लॅक्रॉस नव्हता. मग या पठ्ठ्याने काय केलं, तर हॉकीची स्टिक हातात घेतली आणि १९३६ साली अमेरिकेच्या हॉकी संघातून बर्लिनला गेला. तिथे त्या संघाची गाठ ध्यानचंदच्या भारताशी पडली. निकाल ७-०. चोवीसवरून सातवर आणलं, असंही म्हणता येईल.

टर्नबुल दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात लेफ्टनंट कर्नल झाले आणि १९४४ साली युरोपातल्या मोहिमेत गेले. महाविद्यालयीन लॅक्रॉसमधल्या उत्तम अटॅक खेळाडूचं बक्षीस त्यांच्या नावाचं आहे. ते शालेय नाही, पण बाल्टिमोरच्या शाळांतल्या अटॅकच्या पोरांना हे नाव तोंडपाठ असतं.

दुसरा धागा अगदी अलीकडचा. ऑक्टोबर २०२३मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार हे त्यातच ठरलं आणि आपल्याकडच्या मथळ्यांत तेवढंच आलं. त्याच ठरावात लॅक्रॉसही होता, सहा-सहा खेळाडूंच्या छोट्या प्रकारात. आमच्या घरी त्या दिवशी दोन गट पडले होते आणि दोन्ही गट खूश होते.

सगळी नावं युद्धात गेलेल्यांचीच का?

बरीचशी. कारण सरळ आहे. हा खेळ अनेक वर्षं मोजक्या शाळा, मोजकी कॉलेजं आणि दोन लष्करी अकादम्या एवढ्यांतच फिरत होता. वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिसचे संघ कायम वरच्या फळीत असायचे. युद्ध आलं की याच मैदानांवरची मुलं आधी जायची.

पण सगळीच नाहीत. बॉब स्कॉट बक्षीस बघा. स्कॉट बाल्टिमोरचेच. १९५५ ते १९७४ अशी वीस वर्षं ते जॉन्स हॉपकिन्सचे प्रशिक्षक होते. १५८ विजय, ५५ पराभव, एक बरोबरी आणि सात राष्ट्रीय विजेतेपदं. नंतर १९९५पर्यंत तिथेच क्रीडासंचालक. २०१६ साली गेले. एवढा जिंकणारा माणूस, पण त्यांच्या नावाचं शालेय बक्षीस जिंकण्यासाठी नाही. यूएसए लॅक्रॉस ते विभागवार बारावीच्या अशा मुलाला देते ज्याने संघासाठी, शाळेसाठी आणि गावासाठी काही केलंय. गोल किती मारले हा प्रश्न दुय्यम.

माझ्या यादीत हे सगळ्यांत वरचं बक्षीस आहे. आमच्या शाळेच्या संघात एक मुलगा चार वर्षांत फारच कमी वेळ मैदानात उतरला. तो काय करायचा, तर दर शनिवारी सकाळी तिसरी-चौथीच्या पोरांच्या काठ्यांची पॉकेटं ओवून द्यायचा. थंडीत, पार्किंगमध्ये, गाडीची डिकी उघडी टाकून, दातात दोरी धरून. पोरं रांगेत उभी. त्याला काही मिळालं की नाही ते सांगत नाही, पण अशा बक्षिसाचा अर्थ मला त्या डिकीपाशी कळला.

मुलींसाठी काय आहे?

बॉब स्कॉटच्या तोडीचं मुलींचं सेवेचं बक्षीस जॅकी पिट्स यांच्या नावाने दिलं जातं. शिवाय ‘ऑल काउंटी’, ‘ऑल अमेरिकन’ वगैरे सगळं मुलींनाही असतं.

मुलींचा खेळ वेगळा आहे, आणि “मुलांचाच, पण हळू” असं कोणी म्हणालं तर त्याला एकदा सामना बघायला पाठवा. बारा जणी, अंगावर जायला मनाई, डोळ्यांवर जाळीचा चष्मा, आणि त्यामुळे सगळं काठीच्या कौशल्यावर. १९२६ साली रोझाबेल सिंक्लेअर यांनी बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत मुलींचा संघ उभा केला, तो अमेरिकेतला पहिला. लॅक्रॉसच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पहिली स्त्री त्याच, पण त्याला १९९२ उजाडावं लागलं. आज या गावात मुलींचा खेळ काय ताकदीचा आहे ते बघायचं असेल तर मॅकडोनोग शाळेचा आकडा पुरे. २००९पासून सलग १९८ सामने हरल्या नाहीत. २०१८मध्ये मालिका तुटली तेव्हा हरलेल्या मुलींतल्या कित्येकींनी शाळेच्या संघात हरणं म्हणजे काय ते पहिल्यांदाच पाहिलं.

बायकांच्या नावाची बक्षिसं अजून कमीच आहेत.

हा खेळ मुळात आदिवासींचा ना? मग बक्षिसांवर त्यांची नावं कुठे?

प्रश्न बरोबर आहे. लॅक्रॉस हा होडेनोशोनी, म्हणजे ज्यांना इंग्रजीत इरोक्वाय म्हणतात त्या सहा राष्ट्रांचा आणि इतरही मूळनिवासी लोकांचा. त्यांच्यासाठी तो निर्मिकाने दिलेला खेळ आहे. कोणी आजारी असला की त्याला बरं वाटावं म्हणून सामना खेळायचा, ही पद्धत आजही आहे. आपल्याकडे नवसाची जत्रा असते, त्याच्या जवळपास जाणारी भावना.

पूर्व किनाऱ्यावरच्या बहुतेक शालेय बक्षिसांवर मात्र गोऱ्या वस्त्यांतल्या मुलांची नावं आहेत. थोडी भरपाई महाविद्यालयीन पातळीवर झाली. २००१पासून देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला ‘तेवारातोन’ दिलं जातं. मोहॉक भाषेत या खेळाचंच ते नाव. २०१४ साली ते लाइल आणि माइल्स थॉम्पसन या भावांना विभागून मिळालं, मूळनिवासींमध्ये पहिल्यांदाच. ओनोन्डागा राष्ट्रातली ही मुलं, न्यूयॉर्कमधल्या सिरॅक्यूजजवळच्या लाफायेट शाळेतून आलेली. पुढच्या वर्षी लाइलने एकट्याने पुन्हा जिंकलं. तेवारातोनवाली संस्था मूळनिवासी शालेय खेळाडूंना शिष्यवृत्तीही देते. बरं झालं. पण काउंटीच्या पाट्यांवर नावं यायची असतील तर ती काउंटीवाल्यांनीच घालायला हवीत.

निवड कोण करतं? वशिला चालतो का?

मुख्यतः प्रशिक्षक. विभागातले प्रशिक्षक नावं सुचवतात, बैठकीला बसतात, मतं देतात. वर्तमानपत्रांच्या याद्या त्यांचे क्रीडावार्ताहर करतात.

पैशाचा वशिला मी पाहिला नाही. पण बैठकीत कोणाचा प्रशिक्षक बोलका आहे याने फरक पडतो, हे उघड गुपित आहे. नवीन शाळेचा, गप्प बसणारा प्रशिक्षक असेल तर त्याच्या खेळाडूचे आकडे चांगले असूनही नाव खाली सरकतं. आमच्याकडे असं झालंय. त्यावर मोठा उपाय नाही, छोटा आहे. संघाची आकडेवारी नीट ठेवायला एखाद्या पालकाने मदत करावी. नुसते गोल नाहीत, असिस्टही, म्हणजे गोलासाठी दिलेले पास, आणि जमिनीवरचे चेंडू किती उचलले तेही. बचावपटूच्या बाबतीत तर दाखवायला तेवढंच असतं.

प्रशिक्षकाला ईमेल पाठवून “माझ्या मुलाचं नाव का नाही” असं विचारू नका. तो ईमेल वर्षानुवर्षं आठवला जातो.

कॉलेज प्रवेशाला याचा उपयोग होतो का?

लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी, कारण साधं कालगणित आहे. मोसम मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, आणि मोठी बक्षिसं बारावीच्या मोसमाच्या शेवटी. पण पहिल्या श्रेणीच्या कॉलेजांचे प्रशिक्षक खेळाडूंशी अकरावीच्या १ सप्टेंबरपासूनच बोलू शकतात. २०१७ साली हा नियम आला, त्याआधी तर आठवी-नववीतली पोरंही कॉलेज ठरवून बसायची. म्हणजे ज्याला एनर्स किंवा केली मिळतं, त्याचं कॉलेज बहुतेक वेळा केव्हाच ठरलेलं असतं.

शिष्यवृत्तीचंही तसंच. २०२५पर्यंत पहिल्या श्रेणीच्या पुरुष संघाला १२.६ एवढ्याच शिष्यवृत्त्या असायच्या आणि त्या चाळीस-पंचेचाळीस जणांत वाटल्या जायच्या. आयव्ही लीगमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नाहीच. तेव्हा “लॅक्रॉसवर फुकट शिकेल” हे गणित कोणी मांडत असेल तर त्याने आतापर्यंत स्टिक, हेल्मेट, उन्हाळी क्लब आणि हॉटेलांवर किती घातले तेही विचारा. नववी-दहावीतलं ‘ऑल काउंटी’ मात्र कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या नजरेत भरतं. तेवढा उपयोग खरा.

समारंभाला काय घालून जायचं, आणि किती वेळ लागतो?

मुलांना कोट-टाय, पालकांना साधं नीटनेटकं. मुलगे बहुतेक मोठ्या भावाच्या कोटात येतात, मनगटं बाहेर. पँटखाली स्लाइड्स, म्हणजे घरात घालायच्या सपाता, घालून येणारा एक तरी असतोच. जेवण सातला आणि बेताचं, त्यामुळे घरून थोडं खाऊन निघा. दोन तास धरा. ज्याच्या नावाचं बक्षीस असतं त्याच्या घरचं कोणी कधी कधी हजर असतं, भाऊ, पुतणी, जुना संघसहकारी. एरवी मोबाईलमध्ये बुडालेली पोरं तेव्हा मान वर करतात. बक्षीस तुमच्या घरात आलं असेल तर निघण्याआधी त्या व्यक्तीला जाऊन भेटा. फोटोसाठी घाई करू नका, तिला काय बोलायचंय ते बोलू द्या. गाड्या बाहेर काढायला तसाही अर्धा तास लागतो.